लाल वायर लाल खुणेला

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. बुद्धी शाबूत आहे. कानांविषयी पुढे लिहिले आहे. यापूर्वी मृत्युपत्र केले नव्हते, कारण आपणही मरणार हे या हिवाळ्यापर्यंत मला खरं वाटत नव्हतं.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान माझ्या पत्नीला मिळावे, तिच्या पश्चात मुलीला. यात भानगड काही नाही. मुलगी सरळ आहे, आईवर गेली आहे.

कलम २. खात्याने निरोपाच्या वेळी दिलेली पितळी वजनं पेटीसकट मुलीला. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे तराजू तपासले. दुकानदाराने पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मी बोट फिरवून काढायचो आणि भर बाजारात चारचौघांना दाखवायचो. लोक मला ‘काटा’ म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कलम ३. रेल्वे इंजिनाच्या आवाजाची रेकॉर्ड धाकट्या भावाला. त्याने ती दोन दिवसांसाठी म्हणून नेली, सात महिन्यांनी आणून दिली आणि ओरखडा दाखवला तर म्हणाला, “दादा, हा आधीपासूनच होता.” तेव्हापासून इंजिन डाव्या स्पीकरमधून निघतं आणि वाटेतच अडकून फुसफुसत बसतं, उजवीकडे पोचत नाही. त्याला तीच द्यावी, नवी घेऊन देऊ नये.

कलम ४. आता स्टिरिओ. हा मी निवृत्तीच्या वर्षी घेतला आणि स्वतः जोडला. पुढच्या खोलीत दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, कमरेएवढे, आणि बरोबर मधोमध एक खुर्ची. ती हलू नये म्हणून तिच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावली. स्टिरिओ खरा ऐकू येतो तो त्या एकाच जागी, म्हणून तिथे मी बसायचो. बाकीच्यांना भिंतीकडचा बाक.

दर रविवारी सकाळी शेजारचे हेडमास्तर आणि कोपऱ्यावरचे शिंपी यायचे. कार्यक्रम ठरलेला. आधी इंजिन, मग ढोल, शेवटी बाई. बाई म्हणजे एक एकटी गाणारी बाई, साथीला एकच तंतुवाद्य. तिसऱ्या मिनिटाला रेकॉर्डमधल्या श्रोत्यांत कोणीतरी खोकतं आणि बाई गाता गाता हसते. ते हसू ऐकू येतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. “बोला, बाई कुठे उभी आहे?” असंही विचारायचो. सगळे मधोमध बोट दाखवायचे, कारण मीच तिकडे बोट दाखवत असायचो. ढोल जरा पोकळ वाजतो असं शिंपी एकदा म्हणाले. मी म्हटलं, धबधब आवाज बाजारू असतो, शुद्ध आवाज असाच असतो. बिचाऱ्यांनी मान डोलावली.

माझी पत्नी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला आवाज आणि हातात वायरी. स्टिरिओ घेतला त्याच महिन्यात, एका रविवारी चहा घेऊन आली असताना, ती ट्रे हातात तसाच धरून दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, बाई मध्ये नाहीये. दोन्हीकडे अर्धी अर्धी आहे. एखादी वायर उलटी बसली असेल, बघा ना जरा.”

मी म्हणालो, “हिचा जन्म गेला ‘नंबर बोला, नंबर बोला’ करण्यात. हिला गाण्यातलं काय कळतंय!”

सगळे हसले. हेडमास्तर सगळ्यांत मोठ्याने. तिने ट्रे खाली ठेवला, “साखर कमी वाटली तर सांगा,” म्हणाली आणि आत गेली. त्याला अठरा वर्षं झाली. त्यानंतर स्टिरिओ चालू असताना ती त्या खोलीत एकदाही आली नाही. मीही बोलावलं नाही.

सहा वर्षांपूर्वी स्टिरिओ घुमायला लागला म्हणून दुरुस्तीवाला बोलावला. तो मागे वाकला आणि म्हणाला, “साहेब, उजव्या स्पीकरची वायर उलटी आहे की. लाल काळ्यात आणि काळी लालमध्ये. किती दिवस असं ऐकताय?”

“छे छे, परवाच्या साफसफाईत झालं असेल,” मी म्हणालो. बारा वर्षं झाली होती.

त्याने वायर बदलून बाईंची रेकॉर्ड लावली. बाई येऊन माझ्यासमोर तीन हातांवर उभी राहिली. ढोल छातीत वाजला. पत्नी घरात नव्हती, नाहीतर तिने स्वयंपाकघरातूनही ओळखलं असतं.

रविवारी मंडळी येणार, फरक त्यांच्या लक्षात येणार, विचारणार, आणि घरात कळणार. म्हणून दुरुस्तीवाला गेल्यावर मी दार लावून घेतलं, गुडघ्यांवर बसलो आणि वायर पुन्हा उलटी लावली. ज्या बोटांनी दुसऱ्यांच्या पारड्याखालचं मेण काढलं, त्याच बोटांनी. चोर मी होतो. त्या रविवारी मी पुन्हा विचारलं, “बोला, बाई कुठे उभी आहे?”

पाच वर्षांपासून मला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. डॉक्टर सोडून कोणाला हे सांगितलेलं नाही. रविवार मात्र चुकवलेला नाही.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर मुलीने उजव्या स्पीकरची वायर सरळ करावी, आईला मधल्या खुर्चीत बसवावे, बाईंची रेकॉर्ड लावावी आणि माझ्या वतीने सांगावे, की तू बरोबर होतीस. मला हे तोंडाने जमलेलं नाही. लाज वाटते, आणि मरणाआड लपून माफी मागतोय याची त्याहून जास्त वाटते.

कलम ६. हे कलम तीन दिवसांनी लिहीत आहे. कलम ५ मध्ये वायरींचे रंगही लिहावेत, ते चुकायला नकोत म्हणून मी काल सहा वर्षांनी स्पीकरच्या मागे गेलो. वायर सरळ होती. लाल लालमध्ये, काळी काळ्यात. वायरीला निळ्या दोऱ्याचे तीन वेढे आणि एक चिठ्ठी. एक्स्चेंजमध्ये दुरुस्त केलेल्या वायरीला अशी चिठ्ठी बांधायची पद्धत होती. अक्षर तिचं. ‘लाल वायर लाल खुणेला’, आणि चार वर्षांपूर्वीची तारीख.

चार वर्षं मी मधल्या खुर्चीत बसून मान डोलवत होतो आणि मला पत्ता नव्हता.

मी चिठ्ठी पुन्हा वाचत होतो. ती दारात आली आणि म्हणाली, “सापडली का चिठ्ठी?”

“बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, पहिल्याच रविवारी तुम्हाला कळेल. मग वाटलं, दुसऱ्या रविवारी. मग लक्षात आलं, उजवीकडून हाक मारली की तुम्ही वळतच नाही. आता चार माणसांत तुमचं हसं कशाला करायचं?”

माझं हसं कशाला करायचं, असं ती म्हणाली. मी तिचं केलं होतं.

मी विचारलं, तू कधी ऐकतेस? म्हणाली, “तुम्ही फिरायला गेलात की. बाई छान हसते हो, तो खोकला येतो तेव्हा.” कुठे बसतेस म्हटलं तर म्हणाली, “खाली, फरशीवर. खुर्ची तुमची ना.”

तरी कलम ५ रद्द समजावे. ते काम मुलीवर टाकायचे नाही. स्टिरिओ, सर्व रेकॉर्डी आणि खुर्ची आजपासून, मी जिवंत असतानाच, पत्नीच्या मालकीची आहेत. त्यावर माझा हक्क राहिलेला नाही.

वरील सर्व मजकूर, कलम चारसकट, मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे. हेडमास्तर या वेळी हसले नाहीत. नंतर बाईंची रेकॉर्ड लावून मी पत्नीला विचारलं, बाई कुठे उभी आहे? तिने बोट दाखवलं आणि आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं.

सही: लिहून देणार (काटा)
साक्षीदार १: सही, शेजारचे हेडमास्तर
साक्षीदार २: सही, कोपऱ्यावरचे शिंपी
दिनांक: महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. आम्ही तिघे बाकावर. मधल्या खुर्चीत पत्नी.