तळ्यातले मासे कोणी मारले

सौंसर, २ मे २०२५

चि. उर्वशी हिस हेमराजमामाचे अनेक आशीर्वाद.

फोन शेततळ्यात पडला, म्हणून कागद धरला. तळ्यातले मासेही गेले. सकाळी पाहतो तर सगळे रोहू पोट वर करून तरंगत होते आणि पाणी हिरवंगार. शेजारच्या वीरेंद्रने औषध टाकलं, दुसरं काय? शेताच्या धुऱ्यावर उभं राहून चार माणसांत त्याला तसं सुनावलं. तीस वर्षांची दोस्ती संपली. पंधरा तारखेला त्याच्या सुप्रियाचं लग्न आहे. मी जाणार नाही. तुझी मामी बोलत नाही, नुसती भांडी आपटते.

बाकी संत्रा झकास. ओल लागून दगड झालेलं डीएपी खत वाया जाऊ नये म्हणून महिन्याआधी तळ्यातच ढकललं. तेच पाणी ड्रिपने झाडांना जातं. डोकं चालवावं लागतं, बाई.

तुझा समुद्राचा अभ्यास कसा चालला आहे? मामावरची माया आटू देऊ नकोस.

हेमराज

पांढुर्णा, ७ मे २०२५

ती. स्व. मामांस शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, पण मासे तुमच्याच डोक्याने मारले.

साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी, आपली काळी माती ज्या लाव्ह्याची झाली त्याच्याही आधी, समुद्राच्या तळाशी प्रचंड ज्वालामुखी फुटले. त्यांच्या वायूंनी हवा तापली, समुद्र तापला. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात दगड झिजून पाण्याला खत मिळालं. शेवाळ माजलं, मेलं, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन बसलं. खालचे जीव गुदमरले. त्या वेळच्या चिखलाचा काळा दगड मी कॉलेजात रोज तपासते. तुमच्या तळ्यावर एप्रिल-मेचं ऊन आणि आत डीएपी. विष कोणीच टाकलं नाही.

वीरेंद्रकाकांनी मला सायकल शिकवली होती. तुम्ही लग्नाला गेला नाहीत तर मला फार वाईट वाटेल. आरोप चार माणसांत केलात, तर चूकही तिथेच कबूल करा. मामींना नमस्कार. भाचीवर आहे तशीच माया राहू द्यावी.

आपली,
उर्वशी

सौंसर, १३ मे २०२५

चि. उर्वशी हिस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. आधी तुझा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. काल वीरेंद्रकडे मांडव घालायला माणसं जमली होती, तिथेच गेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, मासे मीच मारले. मग ज्वालामुखीपासून सारं सांगितलं. तेवढ्यात चहा दोनदा झाला. वीरेंद्र मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, समुद्र मग सुधारला कधी? तू ते लिहिलं नव्हतंस. मी अंदाजाने लाख-दोन लाख वर्षं ठोकून दिली.

तो म्हणाला, "आपल्याजवळ तेवढा टाइम नाही, हेमराज. जेवाले बस."

मी बसलो.

तुझ्या भेटीची वाट पाहणारा,
मामा