मूळ पुरुष आमच्या ओट्यावर बसलेत

बेगडेवाडी, रविवार

तीर्थस्वरूप मुक्ताआत्यास संदेशचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आबासुद्धा. (आबा खुशाल आहेत हे जरा दोनदा वाच, सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? लोणावळ्याच्या गारठ्यात तेल चोळत जा गं, अंगावर काढू नकोस.

पत्र टाकायचं कारण म्हणजे भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला हाकललंय, आणि तू माझा फोन उचलत नाहीस. झालं असं की ग्रुपचे ॲडमिन महिपतीतात्या (चिंचवडला बसून गावचा कारभार बघतात, गावाला फक्त जेवणावळीला दिसतात) यांनी जत्रेच्या फ्लेक्ससाठी जुने फोटो मागवले. दोन दिवसांनी एक फोटो हार घालून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आपल्या भावकीचे मूळ पुरुष’. अख्ख्या भावकीनं धडाधड हात जोडले आणि भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. मी बघतो तर काय, मूळ पुरुष म्हणजे आपले आबा! तुझ्या लग्नातले, तिशीतले, उसना फेटा बांधलेले. खरे मूळ पुरुष शेजारी ओट्यावर बसून बिडी ओढत होते.

आता मोठ्या माणसाला चूक दाखवायची तर मान राखून. म्हणून मी लिहिलं, की वंदनीय, आदरणीय, भावकीचे आधारस्तंभ तात्यांच्या अभ्यासाला त्रिवार वंदन करून, लहान तोंडी मोठा घास घेतोय त्याची आधीच क्षमा मागून, एक शंका नम्रपणे मांडतो की मूळ पुरुषांच्या मनगटावर घड्याळ कसं काय? एवढं वाचतोय कोण! सगळ्यांनी ‘आधारस्तंभ’पर्यंत वाचलं आणि मलाही हात जोडले. तात्यांनी उत्तर दिलं की आपले पूर्वज काळाच्या पुढे होते. मग मी आणखी नम्र होऊन विचारलं, की खांद्यावर हिरव्या चुड्याचा हात दिसतोय तो कुणाचा? तर म्हणाले, कुलदेवीचा. त्यावर भावकीनं तो हात मोठा करून स्टेटसला लावला. बोंबला!

शेवटी नम्रता बाजूला ठेवून सरळ लिहिलं, की हे माझे वडील दत्तोबा, जिवंत आहेत, आत्ताच दुसरा चहा मागितलाय. तेव्हा तात्यांनी निकाल दिला: फ्लेक्स छापून झालाय, आता बदल होणार नाही, आणि ज्याच्या फोटोला हार आहे त्याच्या हातून मानाचा नारळ फोडला तर पाहुण्यांत घोळ होईल. सबब यंदाचा नारळ वयानं त्यांच्या खालोखाल असलेला माणूस फोडेल. खालोखाल कोण? तात्या स्वतः.

आत्या, इथं मात्र माझं डोकं फिरलं. भावकीतल्या सगळ्यात वडील माणसाचा तो मान, यंदा पहिल्यांदाच आबांकडे आलाय. म्हातारं महिनाभर नुसतं हरखून गेलंय गं. धोतराला नीळ दिलीय, आणि सरावापायी घरातले सगळे नारळ फोडलेत. तुझी सूनबाई सुषमा रोज खोबऱ्याची चटणी वाटून वाटून माझ्यावर डाफरते. निकाल ऐकल्यावर आबा भाकर अर्धी टाकून उठले. मग माझा फोन ओढून घेतला आणि खोकत खोकत ग्रुपवर बोलले, की महिपत्या, आरं मी मेलो न्हाई, हितं ये मंग दावतो. लगेच उत्तरं सुरू झाली, की मूळ पुरुषांचा दुर्मिळ आवाज ऐकून डोळे पाणावले, पुन्हा एकदा श्रद्धांजली. त्यावर मी तात्यांबद्दल एकच शब्द लिहिला (तो पत्रात लिहिण्यासारखा नाही) आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

सगळ्यांना नमस्कार सांग, लहानांना गोड पापा.

तुझा,
संदेश

ता. क. : तात्या भावकीत फक्त तुला टरकतात. तू एक फोन केलास तर फ्लेक्ससुद्धा उतरेल.

ता. क. दुसरा : तो फोटो दोनच घरांत आहे. आमचा भिंतीवर टांगलेला आहे, म्हणजे तात्यांना पाठवला तो तुझा. खाली ‘कै.’ लिहून तूच पाठवलास ना? भाऊबीजेला तुझ्या जावयांसमोर आबा म्हणाले की तुझ्या करंजीतलं सारण बॅटरी लावून शोधावं लागतंय, आणि तू म्हणालीस, आजपासून माझा भाऊ मेला. रागाच्या भरात माणूस बोलतं. पण तू तर थेट फ्लेक्सवर नेलंस गं! बरं, फोटो कापताना खांद्यावरचा तुझा हात तेवढा राहिलाच.

ता. क. तिसरा, आबांनी सांगितला तसाच : “तिला लिव्ह, करंज्या लय ब्येस हुत्या, मीच येडा. नारळ फोडायच्या आदी बहिणीनं ववाळाय लागतं. तू येनार नसशील तर फोडू दे महिपत्याला, मी मेल्यालाच बरा.”

(करंज्यांबद्दल ते खोटं बोलतायत. बाकी सगळं खरं आहे. ये.)