तिलेक जेवत नाही

अत-बाशी
२६ सप्टेंबर

लाडक्या बेगायमला,

सासूचे अनेक आशीर्वाद. तू, कुबात आणि माझा तिलेक सुखात राहा. आम्ही कुरणावरून खाली आलो. गवत भरून झालं. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. शेजारची झामाल अजून तशीच, सकाळी चहाला येते ती दुपारी उठते.

मिर्लानच्या गाडीने बोचकं पाठवलंय. त्यात लोणी आहे, पिठाचे तळलेले बोरसोक आहेत आणि खारट दही वाळवून केलेले कुरुतचे गोळे. गोळे तिलेकच्या हाती लागू देऊ नकोस. एक गालात असतानाच दुसऱ्याला हात घालतो. मिर्लान माणूस चांगला, पण खादाड. बोचक्याची गाठ मी मारलेली आहे का, बघून घे.

फोन असताना ही म्हातारी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. एक गोष्ट सांगायला दोनदा फोन केला होता गं. तुझा आवाज ऐकला आणि मी गायीचं बोलले, हवेचं बोलले आणि ठेवून दिला. कागद बरा. मध्येच 'का हो, काय झालं?' असं विचारत नाही.

तुझं त्या सरकारी पाळणाघराचं सगळं मी नीट ऐकलं होतं. मी हसले, पण ऐकलं होतं. पहिला आठवडा दोन तास, मग दुपारच्या जेवणापर्यंत, मग झोप, आणि मुलगा रमला की संध्याकाळी सहापर्यंत. मुलांच्या आयांनी खिडकीशी उभं राहायचं नाही. मुलाला फसवून निघायचं नाही, सांगून निघायचं. त्याच्या कपाटावर साळिंदराचं चित्र, टॉवेलच्या खुंटीवर तेच साळिंदर, खाटेवरही तेच. मी म्हटलं होतं, "पोराला नाव ठेवलंय की आम्ही, साळिंदर कशाला?" तू म्हणालीस, "आई, त्यांना अजून वाचता येत नाही ना." बरोबरच होतं तुझं. पण मला त्या दिवशी कशातच बरं बघायचं नव्हतं.

तो आठ महिन्यांचा असताना तू त्याला माझ्या मांडीवर ठेवलंस. "आई, नंबर लागेपर्यंत सांभाळा," म्हणालीस. तेव्हा तुमच्यापुढे यादीत म्हणे सहाशे मुलं होती. मी मनात म्हटलं, लागतोय कसला नंबर! तू 'सांभाळा' म्हणालीस आणि मी गावभर 'दिला' म्हणून सांगितलं. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, हा आपला रिवाज, कोण विचारतंय? त्याच्याकडून मी 'आपा' म्हणवून घेतलं, मीच त्याची आई असल्यासारखं. तुला 'जेने' म्हणायला शिकवलं, जणू तू त्याच्या थोरल्या भावाची बायको. तू सुट्टीत यायचीस, तो तुला जेने म्हणायचा, आणि तू हसून ऐकून घ्यायचीस. कसं घ्यायचीस गं?

त्या दिवशी पाळणाघरातल्या गुलसूनबाईंनी त्याला विचारलं, "तुला न्यायला कोण येणार?" तो म्हणाला, "जेने." आणि त्यांनी तुझ्याकडे पुन्हा जन्मदाखला मागितला. हे तू मला गंमत म्हणून सांगितलंस. मीही हसले. फोन ठेवला आणि धार काढून झालेल्या गायीखाली पुन्हा जाऊन बसले.

आता मुद्द्याचं लिहिते. नाही तर पुन्हा गायीवर जाईन.

तिलेक तिथे घास घेत नाही, ते हट्टाने नाही. त्याला तिथलं आवडत नाही असंही नाही. रव्याची लापशी तर त्याचा जीव की प्राण. तो जेवत नाही कारण त्याला मी सांगितलंय.

नंबर लागला आणि तुम्ही त्याला न्यायला आलात, त्या सकाळी मी त्याला गोठ्यात नेलं. म्हटलं, "तिथलं काही खायचं नाही. न खाणाऱ्या मुलांना ते ठेवून घेत नाहीत, आपाकडे परत पाठवतात. मी सांगेपर्यंत खायचं नाही. कबूल?" तो म्हणाला, "कबूल." चार वर्षांचं पोर! मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. अकरा दिवस झाले, बेगायम. समोर सगळी मुलं खातात आणि हा मांडीवर हात ठेवून बसतो. घरी येऊन काय दोन घास खातो, तेवढेच.

गुलसूनबाईंनी तुला विचारलं होतं ना, घरात कोणी त्याच्या मनात काही भरवलंय का? तू म्हणालीस, "नाही हो, सासूबाई तर रोज त्याची चौकशी करतात." माझी बाजू घेतलीस. आणि स्वतःला दोष देत बसलीस, मी वाईट आई, मला पोर ओळखत नाही म्हणून.

शुक्रवारी तो तिथेच चक्कर येऊन पडला. तू रडत फोन केलास. सोमवारपर्यंत जेवला नाही तर दुपारीच घरी न्यायला सांगतील, आणि शिवणखान्याची मालकीण अर्ध्या दिवसाची बाई ठेवणार नाही, म्हणालीस. मग फोन त्याच्या हातात दिलास. तो अगदी हळू, तुला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाला, "आपा, मी नाही खाल्लं."

मी 'खा' म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "शाबास."

हे तुला कळावं म्हणूनच पत्र. मला काय म्हणायचं ते म्हण. कुबातलाही वाचून दाखव. तो चाळीस दिवसांचा असताना मी त्याला सामुदायिक शेतीच्या पाळणाघरात टाकलं होतं, हसत जायचा आणि हसत यायचा. पाळणाघर वाईट नसतं, हे मला ठाऊक नव्हतं का? पण तेव्हा संध्याकाळी त्याला घरी आणणारी मी होते.

वाचून झालं की मला फोन लाव. आधी माझ्याशी बोलू नकोस, फोन सरळ त्याला दे. मी सांगेन, "तिलेक, खा. सगळं खा, मागून घे आणि खा." कालपासून कालवडीपुढे घोकतेय, आता नीट जमतं.

मग तो विचारेल, "आपा, मला न्यायला कधी येणार?" त्याचं उत्तर मला जमणार नाही. तेवढ्यात फोन काढून घे. आणि त्याला सांग, संध्याकाळी सहाला फाटकाशी जी उभी असते ना, तीच आपा. पहिल्यांदा तो ऐकणार नाही. रोज सांग.

तुझी सासू आणि
तिलेकची आजी,
ऊलकान