वाणाची सायकल

२० जुलै १९४७, तुळजापूर
सासरे येऊन गेले. अधिक महिन्याचं वाण म्हणून मला सायकल! मी आपला धोतरजोडाच मिळेल असं धरून बसलो होतो. बायको, कु., दाराआडून बघत होती; बापाच्या देण्यानं नुसती फुललेली. लगेच दोस्ताकडं, सिद्रामकडं पळालो. वर्षानुवर्षं त्याचं एकच टुमणं: सायकलवर नळदुर्ग, बोरीच्या घळीतल्या जुन्या रस्त्यानं. आता जायचंच.

२७ जुलै
गुडघे फुटले पण जमली. सिद्राम मागं धरून पळत होता. कु. हळद लावताना हसत होती.

३१ जुलै
अण्णांनी जेवताना सांगून टाकलं, मीठ मागावं तसं. सायकल नळदुर्गच्या दाजींना द्यायची. अक्काच्या सासूचा निरोप आलाय, माहेरचं वाण कुठाय म्हणून. म्हटलं, ही मला आलीय. तर म्हणाले, "घरात आलं ते घराचं. जावयाचा मान मोठा का तुझी भटकंती?"
मीही कुणाचा तरी जावईच आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. दाजींना चालवताही येत नाही. पोचवायची मीच! वा रे न्याय.

२ ऑगस्ट
कु. भाकरी ताटात आपटते. आज एकदाच बोलली. "माझ्या वडिलांनी तुम्हाला दिलीय. देऊन आलात तर मला माहेरी नेऊन घाला."
आणि नाही दिली तर अक्काला तिथं काय काय ऐकावं लागेल... मरो ते वाण.

८ ऑगस्ट, जुम्मा. नळदुर्ग
निजामी शाळेला शुक्रवारची सुट्टी. सिद्राम सोबत, स्वतःच्या सायकलवर, कानडीत गुणगुणत. घळीचा उतार लागला. दोन्ही अंगांनी काळा कातळ, खाली गढूळ बोरी. ब्रेक सोडून दिले. डोळे भरले, वाऱ्यानं म्हणालो. हौस फिटली, ती अशी. किल्ल्यातून पाणी कोसळत होतं, बघवेना.
सिद्राम म्हणाला, "चल माघारी. चाक मोडलं म्हनून सांगू. अण्णास्नी मी बघतो."
पायडल मारलं. गावात आलो.
अक्का दारातच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत तोंड करून सासूला हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी: "आत्याबाई, माझ्या माहेरचं वाण आलं!" लग्नानंतर तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला.
सायकल कुलूप लावून ओट्याला टेकवलीय. दाजी बाजारात गेलेत, येतील एवढ्यात. सिद्राम कोपऱ्यावर उभा आहे, पाय पायडलवर.
कुलपाची किल्ली अजून माझ्या खिशात.