‘धरला’ ऐकल्याशिवाय

चिंचवड,
२१ मे १९५६

प्रिय ज्योतीराम,

माझं अक्षर बघून हे पत्र चुलीत घालशील, मला ठाऊक आहे. आधी वाच, मग खुशाल घाल. चाकण काही विलायतेत नाही. सायकल मारली असती तर दुपारच्या आत तुझ्या ओसरीवर येऊन बसलो असतो. पण तुझ्यासमोर माझं तोंड उघडत नाही, म्हणून पोस्टाचा आधार घेतला.

धंदा जोरात आहे. पिंपरीला औषधाचा कारखाना निघाल्यापासून जो तो घर बांधतोय, आणि घराला खेटलेलं झाड काढायचं म्हटलं की मुरारीला बोलावणं येतं. माझ्यासारखा झाडावर चढणारा या भागात दुसरा नाही. हे लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणतो. शेंड्यापासून सुरुवात करायची, एकेक फांदी दोराला बांधून तोडायची आणि पाळण्यातल्या पोरासारखी अलगद खाली सोडायची, ही पद्धत आपली दोघांची. मारुतरावांच्या परसातला शिरीष आठवतो ना? खाली त्यांच्या कुरडया वाळत होत्या. तू म्हणालास, “ऱ्हाऊ द्या, हलवू नका.” अख्खं झाड उतरवलं आणि एक कुरडई मोडली नाही. जाताना त्यातल्याच कुरडया त्यांनी आपल्याला तळून वाढल्या.

तू गेल्यापासून दोरावर चार माणसं ठेवून बघितली. एक तंबाखू मळत बसायचा, एक वर बघायलाच घाबरायचा. बाकीच्या दोघांबद्दल लिहायला शाई खर्च करत नाही. लहानसहान झाडं निभावली, कारण फांदी मोकळ्या अंगाला पाडता येते. पण परवाच्या वळवात सुभद्राबाईंची चिंच बुंध्याशी तडकली आणि त्यांच्या माजघरावर कलली. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली आहे. बाळंतिणीला शेजारी हलवलं, पण घर कुठे हलवणार? मृगाच्या आत चिंच उतरली नाही तर ती घर घेऊनच खाली येईल. सुभद्राबाई मला म्हणाल्या, “मुरारी, मालकानं सोताच्या हातानं बांधलेलं घर हाय. झाड ने, पर कौल हलता कामा न्हाई.” मी छातीवर हात मारून हो म्हटलं.

काल चढलो. खाली निम्मं गावठाण जमलेलं. माजघरावर आलेली मोठी फांदी बांधली, कुऱ्हाड उचलली. खालून नव्या माणसाची हाक आली, “धरला!” मी वाकून बघितलं, तर दोराचा खांबाला दोनाऐवजी एकच वेढा, आणि गडी लोकांकडे बघून हसतोय. मी कुऱ्हाड कमरेला खोचली आणि खाली उतरलो. चढलेल्या झाडाला एकही घाव न घालता मी जन्मात पहिल्यांदा उतरलो, ज्योतीराम. लोक हसले. उद्धवराव तर मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “काय मुरारी, ज्योतीरामनं आमचं तुळशीवृंदावन फोडलं, तवापासून धसका घेतलास व्हय?”

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. जे दोन वर्षं गिळून बसलो होतो ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि आता तुला लिहितो. उद्धवरावांच्या जांभळावर त्या दिवशी तुझी हाक आलीच नव्हती. तू दुसरा वेढा घालत होतास. खालून ‘धरला’ ऐकल्याशिवाय वरच्यानं शेवटचा घाव घालायचा नाही, हा आपला नियम मला पाठ होता. पण लोक बघत होते, मला मिरवायचं होतं, आणि मी घाव घातला. सुटलेला दोर तू नुसत्या हातांनी आवळलास, दोन्ही तळव्यांची सालटं निघाली, तरी फांदी वृंदावनावर गेलीच, आणि मी वरून ओरडलो की ज्योतीरामच्या हातून दोर निसटला. तू एकदा मान वर करून बघितलंस, दोराचं वेटोळं नीट करून ओट्यावर ठेवलंस आणि निघून गेलास. मी चुकलो रे. मला माफ कर. उद्धवराव आता तुझ्याशी काय बोलायचं ते स्वतः बोलतील. सुभद्राबाईंना मी शुक्रवारचा शब्द दिला आहे. तुझा दोर खुंटीवर आहे, तो मी त्या चौघांपैकी कुणालाही दिला नाही. शुक्रवारी उन्हं वर यायच्या आत मी चिंचेवर जाऊन बसतो. खाली बघणार नाही. तुझी हाक आली तरच कुऱ्हाड उचलीन.

तुझाच,
मुरारी