डाव्या पायाचा क्लच

हार्लो क्रीक, केंटकी
६ मार्च

प्रिय लायल,

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. पेनी आणि डचेस दोघी घोड्या थंडीतून धडधाकट निघाल्या. डचेसच्या पोटाचा घेर बघून नालबंद विचारत होता, "बाई, हिला जुळी आहेत का?" म्हटलं, नुसतं गवत आहे ते, तू नाल ठोक आणि गप बस. चिखल मात्र असा माजलाय की पागेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं म्हणजे मोहीमच.

ट्रॅक्टरवर तीन पानं लिहिलीस! शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून तू एवढं लिहिलं नसशील. चाळीस हॉर्सपॉवरच्या खाली बघू नकोस म्हणतोस, गिअरचाच घे म्हणतोस, बिनगिअरचे ट्रॅक्टर बायकांसाठी आणि रिटायर झालेल्या दातांच्या डॉक्टरांसाठी असतात म्हणतोस. मी मोठ्याने हसले. मग चिडले. अरे, दहा एकर जागा, दोन घोड्या, एक पागा. चाळीसचं धूड पागेच्या मधल्या वाटेत वळणार कसं? मला लीद काढायची आहे, कुरण कापायचं आहे, कुंपणाचे खांब रोवायचे आहेत, बर्फ लोटायचा आहे. त्याला पंचवीस रग्गड झाले. पण तू चाळीस म्हणतोस, कारण चालवणार तू आहेस असं तू धरून चाललायस. मी काही दुधखुळी नाही.

जुन्या ट्रॅक्टरचं विचारलंस. तो गेला. कसा गेला ते पुन्हा कधीतरी.

पॅरोल बोर्डाचंही पत्र आलंय. तू सुटलास की माझ्या घरी राहशील असं त्यात लिहिलंय, आणि मला ते मान्य आहे का हे विचारायला पुढच्या महिन्यात एक अधिकारी बाई येणार आहेत. मी हो म्हटलं तर तू मेमध्ये बाहेर. नाही म्हटलं तर उरलेली सगळी शिक्षा आत, कारण दुसरा पत्ता तुझ्याकडे नाही. लायल, हे तू मला आधी सांगायचंस. तीन पानं ट्रॅक्टर, आणि शेवटच्या ओळीत कोपऱ्यात "तुझा पत्ता दिलाय, हरकत नसावी." माणूस आहेस की कोण?

या आठवड्यात स्कॅग्जच्या ट्रॅक्टरच्या दुकानात जाईन. म्हातारा होता तसाच आहे. गिऱ्हाईक दिसलं की आधी हवामान, मग चर्च, मग भाव.

भेटायला का येत नाहीस म्हणून पुन्हा विचारलंस. रस्ता लांबचा आहे.

जपून राहा.
डार्ला


१९ मार्च

लायल,

तुझं उत्तर वाचलं आणि शेगडीत टाकलं. मग चिमट्याने परत बाहेर काढलं, कारण त्यातली एक ओळ मला नीट वाचायची होती. त्या ओळीकडे येते. आधी दुकानाचं सांगते.

स्कॅग्जला म्हटलं, भाऊ गिअरचा घे म्हणतो. तर म्हणाला, "भाऊ इथे आहे का चालवायला? नाही ना? मग तूच बसून बघ, पोरी." मीही हट्टाने चढले. हिरवा, चाळीसचा, तुझ्या मनातला. डाव्या पायाने क्लच दाबला, गिअर टाकला, आणि पाय क्लचवरून कधी सटकला ते मला कळलंच नाही. ट्रॅक्टरने अशी उडी मारली की माझे दात एकमेकांवर आपटले. समोर लोखंडी फाटकांची नवी चळत उभी होती, ती सगळी पुढच्या लोडरच्या खोऱ्याने आडवी केली. वर जो आवाज झाला तो पार चर्चपर्यंत गेला असेल. स्कॅग्ज धावत सुटला, "चावी! अगं चावी बंद कर!" त्यातलं एक फाटक माझ्या कानाजवळून गेलं.

मी खाली उतरले तेव्हा त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा होता. "तुझ्या पायाला काय झालंय?" मी पँट वर केली. आत खोटा पाय. तो बोंबलला, "अगं बाई, मग आधी बोलायचं ना!"

तुलाही मी आधी बोलायला हवं होतं. तू गुन्हा कबूल करून आत गेलास तेव्हा माझा डावा पाय जागेवर होता. डॉक्टर वाचवू म्हणत होते. मग हाडात पू झाला, आणि त्या ऑगस्टमध्ये त्यांनी तो गुडघ्याच्या वर कापला. मी तुला दर पत्रात "पाय बरा आहे" लिहीत आले. तुला तिथे झोप लागावी म्हणून, आणि खरं सांगू, मला ते शब्द कागदावर बघायचे नव्हते म्हणून. रस्ता लांबचा नाही. तू मला चालताना बघू नयेस, एवढंच कारण.

आता तुझी ती ओळ. "क्लच दाबायला काय जातं? तुला दोन पाय आहेत ना?"

स्कॅग्जने मग नारिंगी रंगाचा पंचवीसचा दाखवला. उजव्या पायाचं एकच पेडल. बोटांनी दाबलं की पुढे, टाचेने दाबलं की मागे, पाय उचलला की उभा. लोडरचा दांडाही उजव्या हाताशी. ब्रेक तेवढा डावीकडे आहे, पण त्याचा मिस्त्री लोखंडी पट्टी जोडून तो उजवीकडे आणून देणार आहे. मी अंगणात चार फेऱ्या मारल्या. लायल, त्या दिवसानंतर पहिल्यांदा मला माझ्या जागेची मालकीण असल्यासारखं वाटलं.

म्हातारा खूश झाला. आतून गवताचे गोल गठ्ठे उचलायचा भाला घेऊन आला. "लोडरबरोबर हा फुकट." दोन्ही हातांवर आडवा धरून माझ्यापुढे केला. मी त्याच्या फरशीवर ओकले.

तू कधी त्या दिवसाला नाव दिलं नाहीस. "तो अपघात" म्हणतोस. मी सांगते काय झालं. आपल्या सार्जंट घोड्याने तुला लाथ मारली. तू मागून, न बोलता, बादली आपटत गेला होतास. कुठलाही घोडा मारेल. तू उठलास, ट्रॅक्टरवर चढलास, पुढे भाला तसाच लावलेला. त्याला कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडलंस. पहिल्यांदा खांद्यात. दुसऱ्यांदा पोटात. तो ओरडत होता. घोडा तसा ओरडू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पेनी पलीकडे भिंतीवर डोकं आपटत होती. तू मागे घेतलास, पुन्हा पुढे आणायला.

मी दोन्ही हात वर करून मध्ये आले.

कोर्टात तू म्हणालास, मी तुला दिसले नाही. तू माझ्याकडे बघत होतास, लायल. तुझे डोळे माझ्या डोळ्यांत होते. तुझा डावा पाय क्लचवर होता, तो बूटही मला दिसत होता. नुसता दाबला असतास तर ते धूड जागच्या जागी थांबलं असतं.

तू दाबला नाहीस, आणि भाला माझ्या डाव्या पायात घुसला. आता तूच मला सांग, क्लच दाबायला काय जातं?

जुना ट्रॅक्टर कसा गेला तेही ऐक. दवाखान्यातून आले, कुबड्या टाकल्या, कधी या, कधी त्या चाकाला कंबर टेकवून उभी राहिले आणि घणाने त्याचे दिवे फोडले, मीटर फोडलं, स्टिअरिंग वाकवलं, इंजिनावर घाव घातले. हाताची सालं निघाली. प्रत्येक घावाला तुझं नाव घेत होते. भंगारवाला नेताना विचारत होता, हा कड्यावरून पडला का?

उत्तर लिही. ट्रॅक्टरबद्दल नको.
डार्ला


११ एप्रिल

लायल,

या वेळी तू कागदाची एकच बाजू लिहिलीस. "पाय गेला हे मला माहीत नव्हतं. माफ कर." पोस्टाच्या पेटीपाशी उभं राहून मी एवढंच वाचलं आणि तिथेच रडत बसले. मनात म्हटलं, येऊ दे त्याला. मागची खोली झाडून घेते. मग खालची ओळ वाचली. "पण घोड्याने आधी मारलं, हे तूही मान्य कर."

तू तिथेच आहेस अजून. ट्रॅक्टरवर.

मला तुझं बरंही आठवतं, तसं नाही. बाबांचा पट्टा माझ्यावर निघायचा तेव्हा तू मध्ये यायचास. एकदा बक्कल तुझ्या कानामागे लागलं, पांढरा शर्ट लाल झाला, आणि तू मला म्हणालास, "पळ ना, बावळट!" तो मार माझ्या वाटणीचा होता. तसा भाऊ कुणाला मिळत नाही हे मी आजही म्हणेन. मग तोच पट्टा तू कधी हातात घेतलास, ते मला कळलं नाही.

नवा ट्रॅक्टर मंगळवारी आला. स्कॅग्जने गाडीवरून उतरवायला चालू केला मात्र, पेनी उधळली. कुंपणाच्या दोन फळ्या छातीने फोडून बाहेर. डचेसला लाथ, पाण्याची टाकी आडवी, आणि छातीतून हे एवढं रक्त. मी तिच्या गळ्यात दोर टाकायला गेले तर स्कॅग्ज ओरडला, "बाहेर हो, पोरी, मारून टाकेल ती तुला!" मारलंच तिने. माझ्या डाव्या पायावर लाथ बसली, तो लाकूडफाट्यासारखा दूर उडाला, आणि मी चिखलात तोंडावर. शेवटी ती दमली. जनावरांचा डॉक्टर येऊन टाके घालून गेला.

त्याच दुपारी अधिकारी बाई आल्या. तरुण आहेत, बुटांना चिखल लागला तरी कुरकुर केली नाही. मी ओठावर बर्फ धरून बसले होते. त्यांनी पेनीकडे बघून विचारलं, "ही अशी का कापतेय?"

"ट्रॅक्टरचा आवाज."

"भाऊ आल्यावर तो कोण चालवणार?"

मी ओठावरचा बर्फ दुसऱ्या हातात घेतला. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "बाई, स्पष्टच विचारते. तुम्हाला त्याची भीती वाटते का?"

"वाटते," म्हटलं. हे मी तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं, लायल, आणि एकदा निघालं म्हणताना बाकीचंही निघालं. म्हटलं, "आणि मला माझीही भीती वाटते. बाबांची बंदूक मी पागेत खुंटीला लावून ठेवलीय. तो माझ्या अंगणात ट्रॅक्टरवर बसलेला दिसला, तर मी त्याला जेवायला हाक मारेन की चाप ओढेन, हे मला सांगता येत नाही. मी खरंच सांगतेय. एखाद्या दिवशी हे, एखाद्या दिवशी ते."

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हटलंत तर तो आतच राहील. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," म्हटलं, आणि नाही म्हटलं.

ही बातमी बोर्डाच्या छापील कागदावरून तुला कळू नये म्हणून घाईने लिहितेय. तुला मेमध्ये बाहेर येऊ दिलं नाही ते बोर्डाने नाही, त्या बाईंनीही नाही. मी. तिथली प्रत्येक सकाळ तुला माझ्यामुळे काढायची आहे. शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, नाव घेऊन दे, मी त्या ऐकून घेईन. सुटलास की जिथे राहशील तिथला पत्ता कळव, पत्र लिहीन. पण इथे येऊ नकोस, लायल. घोडीसाठी नको, माझ्यासाठी नको, आणि तुझ्यासाठी तर मुळीच नको.

जिच्या वाटणीचा मार तू खाल्लास, ती तुझी बहीण,
डार्ला