रेल्वेखालची बाग आणि जोतीरामच्या म्हशी

४ जानेवारी, रविवार
आजपासून चिडायचं नाही. नवीन वर्षाचा संकल्प, तीन दिवस उशिरा.
रेल्वेलाईन उंच खांबांवर गेल्यापासून कॉलनीला लागून तिच्या खाली लांबलचक पट्टी मोकळी पडलीय. तिथं पब्लिक गार्डन करायला महापालिका तयार झाली. अध्यक्ष मी. बिनविरोध. बाकीचे मीटिंगला आलेच नाहीत, पण बिनविरोध म्हणजे बिनविरोध.
अट एकच. सव्वीस तारखेला संध्याकाळी उद्यान विभागाच्या मॅडम येणार. लोक जागा वापरताना दिसले तर जागा कायम कॉलनीची, नाहीतर पे-पार्किंग. बाग झाली की लोक येणारच, त्यात बघायचंय काय?

६ जानेवारी, मंगळवार
चिडलो. पण कारण होतं.
जोतीराम गवळी रोज संध्याकाळी त्या पट्टीवर म्हशी आणतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतो. अख्खी कॉलनी पेले घेऊन भोवती. तालमीतली पोरं, किराणावाले सोमशेखर, आमची सौ.सुद्धा! दूध दोन घोट आणि गप्पा तासभर. गार्डनमध्ये शेण?
हाकललं त्याला. म्हणाला, काका, म्हसरांस्नी ह्याच जागेची सवय हाय, दुसरीकडं पान्हा चोरत्यात. म्हटलं, म्हशींचे नखरे मला सांगू नकोस. आवाज अजिबात चढवला नव्हता. सौ. म्हणते, घरात ऐकू येत हुतं.

११ जानेवारी, रविवार
लॉन टाकलं. बाक बसवले. कारंजं पुढच्या आठवड्यात.

१५ जानेवारी, गुरुवार
लॉन पिवळं. माळी म्हणतो, वर रेल्वे, ऊन येणार कुठनं? म्हणजे चूक रेल्वेची. स्टेशनवर जाऊन खडसावलं. खिडकीतला म्हणाला, गाडीचं काय विचारायचं असंल तर बोला. काय हे लोक!
कारंजं रद्द. त्याऐवजी बोर्ड. गवतावर चालू नये. खेळू नये. खाऊ नये. बाकावर पाय घेऊन बसू नये. मोठ्याने हसू नये. पेंटर म्हणाला, अजून जागा हाय. मग 'घोळका करू नये' हेही घातलं.

२० जानेवारी, मंगळवार
बागेत एकही माणूस नाही. याला म्हणतात शिस्त.
दोन पोरं आली होती, चेंडू जप्त केला. त्यांची आई भांडायला आली. तिला बोर्ड वाचून दाखवला, दोनदा.
जोतीराम रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर गेलाय. सौ. पेला घेऊन तिकडं जाते. विचारलं, म्हशी दूध तरी देतात का? म्हणाली, कमी देत्यात, पर सगळी भेटत्यात की. डोकंच फिरलं. भेटायचंच आहे तर मी बाक कशाला बसवले?
सव्वीसला सगळ्यांनी बागेत हजर राहावं, अशी ग्रुपवर ताकीद दिली. अंगठे भरपूर आले.

२६ जानेवारी, सोमवार
जाकीट घालून चार वाजल्यापासून उभा. मॅडम आल्या. बागेत मी, माळी आणि बोर्ड.
मॅडम म्हणाल्या, लोक कुठायत? सांगितलं, बाग खराब होऊ नये म्हणून येत नाहीत. तेवढ्यात पलीकडून हशा. मॅडम निघाल्या तिकडं. मीही मागोमाग, अध्यक्ष या नात्यानं.
सोमशेखर फितूर झाला. मॅडमना सांगतो, आधी आमी समदी तितं रेल्वेखालीच जमत हुतो, ह्यांनीच हुसकून लावलं. जोतीरामनं मॅडमना पेला दिला. त्या म्हणाल्या, हेच रेल्वेखाली दिसलं असतं तर मी आजच सही केली असती.
मी ओरडलो, म्हशी म्हणजे पब्लिक का? सौ. खाली मान घालून दूध पीत होती.
तरीही निर्णय आपल्याच बाजूनं लागेल. मॅडमनी बोर्ड पूर्ण वाचला होता.

१ मार्च, रविवार
पे-पार्किंग चालू झालं. बोर्ड काढून टाकला. शेवटच्या खांबाजवळ एकच बाक राहिलाय.
संध्याकाळी सौ. पलीकडं गेली. घरात बसवेना, म्हणून जाऊन त्या बाकावर बसलो. पावतीवाला आला. म्हणाला, पावणं, गाडी कुठाय? म्हटलं, मी या बागेचा अध्यक्ष. म्हणाला, कुठली बाग?
असा संताप आला! बाक घट्ट धरून बसलो. म्हणाला, गाडी नसंल तर उठा, हितं बसता येत न्हाय.
उद्या स्कूटर घेऊन जायचं. पावती फाडायची आणि बसायचं. मग कोण उठवतंय बघतो.